बोटीच्या पेट्रोलचा हिशोब आहे, बोटीतल्या जवानाच्या जेवणाचा कुठे आहे?

प्रति,
कोल्हापूर जिल्ह्यात पूरनियोजनाच्या बैठकांना बसणारे सर्व अधिकारी, लोकप्रतिनिधी आणि मदतीला धावणारी तालीम-मंडळे यांस,

स. न. वि. वि.

मे महिन्यात आमच्या भागात पूरपूर्व तयारीची बैठक झाली. गावातला माजी सैनिक म्हणून मलाही बोलावणं होतं. बोटी किती, लाइफ जॅकेट किती, मोटरींना पेट्रोल कुठून येणार, जनरेटर कुणाकडे आहे, हे सगळं कागदावर व्यवस्थित मांडलेलं होतं. बाहेरून येणाऱ्या लष्कराच्या आणि एनडीआरएफच्या तुकड्यांच्या जेवणासमोर मात्र एकच ओळ होती : ‘भोजन व्यवस्था – स्वयंसेवी संस्थांमार्फत’. मी उठून विचारलं, बोट पाण्यात असताना हे जेवण तिथवर नेणार कोण? उत्तर आलं, ‘त्यांचं ते बघतात हो. आणि आपल्याकडं लोक काय कमी देतात का!’ सगळे हसले आणि बैठक पुढच्या विषयावर गेली. माझा विषय तिथंच राहिला. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितो आहे.

मी लष्करात लांगरी, म्हणजे स्वयंपाकी, होतो. रायफल सगळ्यांबरोबर शिकलो, पण नोकरी झाली ती डेगचीपुढं. तोफखान्यात होतो, आधी राजस्थानच्या वाळूत आणि नंतर वर डोंगरात. हवालदार होऊन घरी आलो. गाव शिरोळ तालुक्यात, त्यामुळं २००५, २०१९, २०२१ ही महापुराची सालं आम्हाला सांगावी लागत नाहीत. लढणाऱ्या टोळीला वेळेवर गरम खायला घालणं हे माझं काम होतं, आणि ते काम आपल्या जिल्ह्यात दर पुराला नशिबावर सोडलं जातं, एवढंच माझं म्हणणं आहे.

लष्करात हे कसं चालतं ते आधी सांगतो, म्हणजे मी काय मागतोय ते कळेल. लंगर, म्हणजे स्वयंपाकघर, मागं असतो आणि टोळी पुढं. तोफेवरची माणसं तोफ सोडून पंगतीला येत नाहीत. रणगाड्यातले तिघं, म्हणजे ड्रायव्हर, गनर आणि कमांडर, रणगाडा उभा करून जेवायला मागं येत नाहीत. जेवण त्यांच्याकडं जातं. दारूगोळा आणि इंधन घेऊन गाड्या अंधारात पुढं निघतात, त्यांच्याबरोबरच जेवणही निघतं. ते कुणाच्या तरी नावावर लिहिलेलं असतं आणि पोचलं नाही तर त्याला जाब द्यावा लागतो. इंग्रजांनी तर दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी आलेल्या सेंच्युरियन रणगाड्यात पाणी उकळायचं भांडं आतच बसवून टाकलं, कारण चहासाठी खाली उतरलेली टोळी शत्रूला आयती सापडायची. हाच सेंच्युरियन १९६५ला आपल्या बाजूनंही लढला.

डोंगरात हिशोब आणखी वेगळा. द्रासची उंची ३,००० मीटरच्या वर आहे. तिथं पाणी ९० अंशांच्या आसपासच उकळायला लागतं. उघड्या डेगचीत राजमा दिवसभर ठेवला तरी टणक तो टणकच. मग कुकर लागतो, कुकरला रॉकेल लागतं आणि रॉकेल वाहायला खेचर लागतं. ताटात किती पडणार याच्याबरोबरच ते शिजवायला किती जळणार, हेही आधी मांडून ठेवावं लागतं. हे मांडणाऱ्या माणसाला कुणी पदक देत नाही, पण तो चुकला तर पुढची टोळी दुसऱ्या दिवशी सुस्तावते, तिसऱ्या दिवशी चिडचिडी होते आणि त्यानंतर तिच्या हातून चुका व्हायला लागतात.

आणि डबा भरणं हे सुद्धा काम आहे, साहेब. जाड भिंतीचा डबा आधी उकळत्या पाण्यानं भरून ठेवायचा, म्हणजे डाळीची ऊब डब्याच्या भिंतीच खाऊन टाकत नाहीत. ते पाणी ओतून लगेच उकळती डाळ भरायची, तीही गळ्यापर्यंत. अर्धा भरलेला डबा निम्म्या वेळात गार होतो. भात एक कणी ठेवून उतरवायचा, कारण डब्यात तो स्वतःच्या वाफेवर शिजतच राहतो. रोटी लांबच्या वाटेला चिवट होते, तिथं पुरी बरी. झाकणावर खडूनं वेळ लिहायची. चार तासांच्या आत वाढायचं, नाही तर टाकून द्यायचं. आपल्या श्रावणातल्या दमट हवेत बंद डब्यातला कोमट भात किती पटकन आंबतो ते इथल्या बायकांना मी सांगायला नको. कोमट झालेलं जेवण नुसतं बेचव नसतं, ते माणसाला आडवं करतं. आणि बोटीवरच्या माणसाचं पोट बिघडलं तर तो जाणार कुठं?

आता तक्रारी सांगतो.

२०१९च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४३ फूट. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि कोल्हापूरचं बेट झालं. लष्कर आलं, नौदल आलं, तटरक्षक दल आलं, एनडीआरएफ आलं. आपल्या लोकांनी त्यांना ओवाळलं, राख्या बांधल्या, खांद्यावर घेतलं. त्याबद्दल मला एक शब्दही वाकडा बोलायचा नाही. पण रस्ता जिथं पाण्यात शिरतो त्या काठावर मी उभा असायचो, आणि तिथलं चित्र वेगळं होतं. पोरं उजाडायच्या आत बोट लोटायची. उसाच्या शेंड्यांवरून जाताना मोटरीच्या पंख्यात पाचट अडकायचं, ते मोटर वर उचलून हातानं ओढून काढायचं. डोक्यावर विजेच्या तारा. घराच्या माळ्यावरून म्हाताऱ्या माणसाला उचलून बोटीत घ्यायचं, तो म्हणणार म्हशीला सोडून येत नाही. अशी एक बोट दुपार पार कलल्यावर काठाला लागली. पुढच्या जवानाच्या हातात क्रीम बिस्किटाचा पुडा होता, भिजून त्याचा लगदा झालेला. त्यानं तो बोटानं निपटून खाल्ला, मागच्याला अर्धा दिला आणि बोट पुन्हा लोटली. त्याच वेळेला दोन किलोमीटर मागं, गाड्या पोचतात तिथवर, खिचडीची पातेली शिगोशीग भरलेली होती.

माझी सगळी तक्रार त्या दोन किलोमीटरबद्दल आहे. सैन्याच्या तुकड्या स्वतःचा शिधा आणि लंगर घेऊन येतात हे खरं, पण त्यांचा लंगर लागतो तळावर. बोटी विखुरतात चार तालुक्यांत. कुणी आंबेवाडी-चिखलीला, कुणी कुरुंदवाड-नृसिंहवाडीला. तळावरच्या लांगऱ्याला इथली वाट माहीत नसते आणि त्याच्याकडं बोट नसते. वाट आणि बोट या दोन गोष्टी फक्त तुमच्याकडं आहेत.

दुसरं, दानावर सोडलेलं जेवण दात्याच्या सोयीनं येतं. सकाळी अकराला तीन मंडळं एकदम येणार, प्रत्येकाच्या टेम्पोवर बॅनर. रात्री नऊला, जेव्हा शेवटची बोट कुडकुडत परत येते, तेव्हा काठावर कुणी नाही. पहिले दोन दिवस वडापावचा ढीग, दुसऱ्या दिवशी त्याच ढिगाचा वास. पाचव्या दिवशी मंडळंही थकतात, त्यांचीही घरं पाण्यात असतात. शिवाय माया आपली कोल्हापुरी. ओडिशाच्या किंवा केरळच्या पोराला सकाळी सकाळी कट ओतून मिसळ द्यायची आणि वर ‘अजून घ्या की’ म्हणायचं! पोरगं लाजेखातर खातं आणि पुढचे चार तास बोटीत पोट धरून बसतं. पाहुणचार म्हणून हे थोर आहे, पण बचावकार्यात पोटाला सोसेल तेच पाहिजे. डाळ, भात, बटाट्याची कमी तिखट भाजी, उकडलेलं अंडं, गूळ-शेंगदाणे. बस्स. श्रावण आपला असतो, त्यांचा असेलच असं नाही, तेव्हा अंड्यावरून वाद नको.

तिसरी गोष्ट कुणी बोलतच नाही, ती हातांची. पुराच्या पाण्यात गटारं आहेत, मेलेली जनावरं आहेत, उंदरांचं मूत आहे. त्यातून होणाऱ्या लेप्टो तापाचा धोका म्हणून पाण्यात उतरणाऱ्यांना डॉक्टर गोळ्या देतात, आणि त्याच हातांनी आपण त्यांना भाकरी मोडून खायला लावतो. काठावर साबण आणि स्वच्छ पाण्याची टाकी मी फार कमी ठिकाणी पाहिली. बोटीत तर हात धुण्याचा प्रश्नच येत नाही. म्हणजे बोटीत द्यायचं खाणं हाताला न लागता खाता आलं पाहिजे. कागदात गुंडाळलेली भाजी-पोळी, चमच्यानं खायचा भात, पेल्यातून प्यायची डाळ. एवढा विचार करायला पैसा लागत नाही.

काही जण म्हणतील, आता तयार पाकिटं मिळतात, त्याचं काय. मिळतात. म्हैसूरला संरक्षण खात्याची अन्न संशोधन प्रयोगशाळा १९६१पासून हेच काम करते, आणि त्यांच्या पाकिटातला शिरा-पुलाव मी स्वतः खाल्ला आहे, चांगला असतो. पण ती पाकिटं अडीअडचणीच्या दिवसासाठी असतात. आठवडाभर तेच दिलं तर पोरं अर्धं टाकायला लागतात. भिजलेल्या माणसाला उकळती डाळ मिळाली की त्याचा चेहरा बदलतो. ते काम गार पाकीट करत नाही.

चौथी तक्रार इंधनाची आणि पाण्याची. २०१९ला रस्ता तुटल्यावर पेट्रोल अत्यावश्यक गाड्यांपुरतं राखून ठेवावं लागलं, आणि उपसा केंद्रंच पाण्यात गेल्यामुळं शहराचं पिण्याचं पाणी बंद पडलं. सगळीकडं पाणी आणि प्यायला टँकर. अशा वेळी सिलिंडर शोधत फिरायचं का? लंगर लावायचा तर गॅस, लाकूड, पाणी हे पूर यायच्या आधी उंचावर जाऊन बसलेलं पाहिजे.

इथं थोडं मागं जातो. या जिल्ह्यात गावंच्या गावं फौजेत गेलेली आहेत. सैनिक टाकळीला तर नावातच फौज आहे. मराठा लाइट इन्फंट्रीच्या युद्धघोषात छत्रपती शिवाजी महाराजांच्या पाठोपाठ जिचा जयजयकार होतो, ती टेंबलाई देवी इथल्याच टेकडीवर आहे. त्याच रेजिमेंटच्या पूर्वीच्या तीन पलटणी, १०३, ११० आणि ११७, पहिल्या महायुद्धात इराकमधल्या कूतच्या वेढ्यात अडकल्या होत्या. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत. शिधा कमी होत होत संपत आला, हिंदी शिपायांना घोड्याचं मांस धर्मामुळं खाववेना, हिरड्यांतून रक्त यायला लागलं. शेवटी विमानातून पिठाची पोती टाकून पाहिली. मग टायग्रिस नदीतून ‘जुलनार’ नावाची आगबोट धान्य भरून पाठवली, ती कूतपासून थोड्या अंतरावर अडकली आणि शत्रूच्या हाती लागली. पाच दिवसांनी शरणागती. धान्य होतं, बोटही होती. शेवटचं अंतर कापता आलं नाही. आमच्या पलटणीतले जुने लोक ही गोष्ट नव्या लांगऱ्यांना मुद्दाम सांगायचे. पंचगंगेत शत्रू नाही, तोफा नाहीत, तरी आपल्याला दोन किलोमीटर जमत नाहीत, हे मला पटत नाही.

शिजवायची अडचण आपल्याकडं कधीच नव्हती. पन्नास बोटी धरा, बोटीमागं चार माणसं धरा, झाली दोनशे. दोनशे माणसांच्या एका वेळेला साधारण २५ किलो तांदूळ आणि १० ते १२ किलो डाळ लागते. आपल्याकडचा लग्नाचा आचारी एवढ्या कामाला येणारही नाही, म्हणेल एवढंसंच असेल तर घरीच करा. शाहू महाराजांच्या काळापासून या शहरात बोर्डिंगांची स्वयंपाकघरं आहेत, अंबाबाईच्या दारात अन्नछत्र चालतं, साखर कारखान्यांची कँटीन आहेत, गावोगावी बायकांचे बचत गट आहेत. कमी आहे ती फक्त जबाबदारी वाटून देण्याची.

म्हणून मागण्या, सरळ भाषेत :

पेट्रोलचा जसा एक जबाबदार अधिकारी आराखड्यात असतो, तसा पाण्यात उतरणाऱ्यांच्या जेवणाचा एक अधिकारी नावासकट नेमा. त्याच्याकडं रोजची वही असू दे : कोणत्या बोटीला, किती वाजता, काय पोचलं. ‘संस्थांमार्फत’ ही ओळ खोडून टाका.

शिरोळ, करवीर, हातकणंगले आणि शहर या चारही बाजूंना, २०१९ आणि २०२१चं पाणी जिथं चढलं नाही अशा जागी एकेक स्वयंपाकघर आत्ताच ठरवा. गॅस, पाण्याची टाकी, जनरेटर तिथं मृग लागायच्या आत. बचत गटांना काम द्या आणि कामाचे पैसे वेळेवर द्या. आपत्ती आहे म्हणून बायकांनी फुकट राबावं, ही अपेक्षा सोडा.

ऊब धरणारे मोठे डबे घ्या आणि प्रत्येक काठावर एक बोट फक्त जेवण-पाण्यासाठी राखून ठेवा. ती बोट माणसं काढायला वळवायची वेळ आली तर वळवा, पण संध्याकाळच्या आत परत द्या. बोट मिळत नाही असं म्हणू नका. पाहणी करायला येणाऱ्यांना बोट मिळते, हे आम्ही काठावरून पाहिलेलं आहे.

उजाडायच्या आत चहा-नाश्ता, दुपारी बोट जिथं टेकेल तिथं जेवण, रात्री शेवटची बोट आल्यावर पुन्हा उकळतं काहीतरी. वेळा लिहून काठावर लावा. साबण, स्वच्छ पाणी आणि कोरडा टॉवेल त्याच जागी.

या यादीत फक्त वर्दीवाले नकोत. आपदा मित्र म्हणून शिकवून तयार केलेले स्वयंसेवक, गावातले नावाडी, गळ्याइतक्या पाण्यात खांबाला हात घालणारा महावितरणचा वायरमन, हे पण धरा. कोल्हापुरातल्या प्रादेशिक सेनेच्या मराठा बटालियनला या आखणीत आधीपासून विचारा. लंगर कसा हलवायचा हे त्यांना शिकवावं लागणार नाही.

तालीम-मंडळांना माझी वेगळी विनंती. तयार पाकिटं आणू नका. तांदूळ, डाळ, तेल, गूळ आणा, स्वयंपाकघरात जमा करा आणि अंग मोडायची तयारी असेल तर डबे उचलायला थांबा. बॅनर डब्याला लावा हवं तर, माझी हरकत नाही.

आणि शेवटची मागणी : दरवर्षी मे महिन्यात पुराची रंगीत तालीम होते. भोंगा वाजतो, बोट एक चक्कर मारते, फोटो होतात, मग मांडवात साहेबांना चहा. यंदा त्यात एक जेवण धरा. उंचावरच्या स्वयंपाकघरात डाळ-भात शिजू दे, डबे भरून बोटीनं पलीकडच्या काठावर जाऊ देत आणि तिथं झाकण उघडल्यावर वाफ येते का, हे तुम्ही सगळ्यांनी स्वतः उभं राहून बघा. मे संपला असेल तर जूनचा पहिला आठवडा आहे.

या मागण्यांतल्या कोणत्या मान्य, कोणत्या नाहीत आणि नसतील तर का, हे मृगाच्या आत लेखी कळवावं. रंगीत तालमीच्या दिवशी डबे भरायला मी येतो, माझ्याबरोबर फौजेतून निवृत्त झालेले आणखी दोघं लांगरी आहेत. मानधन नको. फक्त तारीख चार दिवस आधी सांगा, हरभरा डाळ असेल तर रात्री भिजत घालावी लागते.

आपला,
एक निवृत्त हवालदार (लांगरी)
शिरोळ तालुका, जि. कोल्हापूर